झाडूचं बटण

अनंत: सहावा प्रश्न. फोनच्या पडद्याचा आकार. उत्तम, चांगला, बरा. काय टाकू, शोभाताई?

शोभाताई: हे तीनच आहेत का?

अनंत: तीनच.

शोभाताई: अन् वाईट असलं तं कुठी लिहाचं?

मुग्धा: शोभाताई, बाकीच्या चौघी सेविका उत्तम लिहून, सह्या करून बसस्टँडवर पोचल्यासुद्धा. तुमचा एकटीचा फॉर्म राहिलाय. साडेपाचच्या आत मला पाचही फॉर्म स्कॅन करून पाठवायचे आहेत. उद्या सकाळी मीटिंग आहे, फोन पास झाला की नऊशे अंगणवाड्यांना हाच येणार. लवकर आटपू या ना.

शोभाताई: मी कुठी वाईट म्हणून राहिली, मॅडम? पडदा उत्तम लिहा. पडद्याले नाव नाही ठेवत मी. जुन्या फोनवर लेकराचं नाव वाचाले मले अंगणात उजेडात जाऊन उभं राहा लागे. याच्यावर बिनाचष्म्याचं दिसते.

अनंत: पावणेसात इंच आहे. आठ हजारांत एवढा पडदा दुसरं कोणी देऊन नाही राहिलं. कंपनीचा माणूस म्हणून नाही सांगत, मी वीस वर्षं नागपुरात महाल भागात मोबाइलचं दुकान चालवलं आहे.

शोभाताई: फक्त एका हातात राहत नाही. लेकराले वजनकाट्यावर ठेवलं का एक हात त्याच्या पाठीमागं धरा लागते, नाही तं ते उलटते. दुसऱ्या हातात हा. अंगठा अर्ध्यावर जाऊन थांबते. मंग काय नाकानं दाबाचं?

अनंत: त्याला सोय आहे. सेटिंगमध्ये एका हाताचा मोड आहे, पडदा लहान होऊन खाली येतो.

शोभाताई: म्हणजे मोठा फोन घ्याचा अन् घरी आणून त्याले लहान कराचं.

मुग्धा: पुढचा घ्या, अनंतभाऊ.

अनंत: बॅटरी.

शोभाताई: उत्तम. सोमवारी भरली का बुधवारपर्यंत जाते. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइटीचा काही भरोसा नसते, तं बॅटरीचं मले लई बरं वाटलं. दोनदा उत्तम लिहा.

अनंत: एकदाच लिहिता येतं. आता सिस्टीम. वापरायला सोपी आहे का? म्हणजे कसं आहे, कंपनीनं अँड्रॉइडवर आपली स्वतःची सिस्टीम चढवली आहे. रंगीत, सगळी मराठीत.

शोभाताई: त्याच्यातच जाहिराती आहेत नं?

अनंत: थोड्याफार असतात. त्याच्याशिवाय आठ हजारांत बसत नाही.

शोभाताई: उघडला का आधी जाहिरात. कधी लिपस्टिक, कधी कर्ज, कधी पत्ते. मागच्या महिन्यात चार वर्षांचा साहिल मले म्हणते, बाई, रमी लावा. मदतनीस हसली. मले काही हसू आलं नाही. अन् मराठी तं अशी, 'आपले यंत्र सुस्त आहे' म्हणते. दुपारी दोन वाजता एकूणतीस लेकरं जेवू घालून मी भिंतीले टेकली होती. मले वाटलं, मलेच म्हणून राहिला.

अनंत: ते भाषांतर बाहेर होतं. आमच्या हातात नाही.

शोभाताई: चांगलं बी लिहून येते म्हणा कधी कधी. मोठ्या अक्षरात.

मुग्धा: काय येतं?

शोभाताई: येते काहीबाही. सोपी आहे, चांगली लिहा. पुढचं विचारा.

अनंत: अकरा. माहिती भरताना काही अडचण आली का? हो किंवा नाही. नाही टाकतो.

मुग्धा: थांबा, अनंतभाऊ. तुम्ही जरा खाली जाऊन तीन चहा सांगता का? आणि या कुलरमधलं पाणी संपलंय, नुसती गरम हवा फेकतोय. वॉचमनला म्हणावं एक बादली टाक.

अनंत: जातो. सकाळपासून पाठ धरली आहे, जिना उतरलो तर सुटेल तरी. फॉर्म इथंच ठेवतो.

मुग्धा: शोभाताई, आता दोघीच आहोत. माझ्या पर्समध्ये एक पत्र आहे, तुमच्या नावाचं. चार दिवस झाले घेऊन फिरतेय. द्यायचं जिवावर आलं होतं.

शोभाताई: खुलाशाचं.

मुग्धा: तुम्हाला कसं माहीत?

शोभाताई: सव्वीस वर्षं झाली, मॅडम. तुमच्या आधी सहा मॅडम येऊन गेल्या. पर्सवर हात ठेवून बसल्या का मले समजते.

मुग्धा: मागच्या दोन महिन्यांची तुमच्या केंद्राची वजनं कोरी आहेत. एकोणतीस मुलं आणि एकाचंही वजन नाही. वरून विचारलंय की सेविकेनं वजनं घेतली नाहीत का. आता तुम्ही या फॉर्मवर 'अडचण नाही' लिहिलंत तर सरळ अर्थ निघतो. फोन चांगला, अडचण नाही, मग वजनं का नाहीत? म्हणून त्याला खाली पाठवलं. घेतली नसतील तर मला सांगा. मी काहीतरी मार्ग काढीन. उन्हाळा होता, तुमची तब्येत...

शोभाताई: घेतली.

मुग्धा: दोन्ही महिने?

शोभाताई: पाच तारखेले अन् सहा तारखेले. दोन्ही महिने. एकूणतीसचे एकूणतीस. ज्या माय वावरात गेल्या होत्या त्यायची लेकरं मी घरून उचलून आणली. याच फोनवर भरली, उभ्याउभ्या.

मुग्धा: मग गेली कुठे?

शोभाताई: आठ दिवस झाले, तेच पाहून राहिली मी. आमच्या गावात टॉवर नाही, हे तुमाले माहीत आहे. डोंगराच्या मांग पडते गाव. भरलेलं फोनमधीच राहते. मंगळवारी मी बसनं रामटेकले जाते, स्टँडवर उतरलं का नेटवर्क येते, तिथं बाकड्यावर बसून पाठोते. नेहमीचंच आहे, जुन्या फोनवर बी असंच करत होती. या फोनवर पाठवा दाबलं का लगेच हिरवी खूण येत होती. 'पाठवायचे काही शिल्लक नाही.' मी म्हटलं, काय पटकन जाते वा. भाजी घेऊन घरी येत होती.

मुग्धा: नंतर कधी उघडून नाही पाहिलं?

शोभाताई: भरलेलं कोण उघडून पाहते, मॅडम? रजिस्टर होतं तं पुढचं लिहाले पान उलटाच लागे, मागचं आपसूक डोळ्याखाली येत होतं. रजिस्टरं तुमी जमा करून घेतली.

मुग्धा: वरून आदेश होता. एकच नोंद, फोनमध्येच. मी मनानं नाही केलं.

शोभाताई: होता आदेश. मी तुमाले नाही बोलून राहिली. तुमच्या कपाटावर गठ्ठा आहे, निळ्या सुतळीचा, तो माझा. मागच्या बैठकीले पाहून ठेवला मी.

मुग्धा: हे सगळं मला आधीच फोन करून सांगायचं होतं ना.

शोभाताई: सांगणार होती. फोनमधी यादी उघडली अन् कोरी दिसली, तवा मंगळवारी स्टँडवरून सांगीन म्हटलं. त्याच मंगळवारी जिजाबाई सोनिकाले घेऊन इकडे आली.

मुग्धा: कोण सोनिका?

शोभाताई: दिपालीची पोरगी, जिजाबाईची नात. चौदा महिन्यांची आहे. तुमच्या उपचाराच्या यादीत नाही ती. म्हणूनच तं सांगून राहिली. पहिल्या महिन्यात सात किलो शंभर भरली. पिवळ्यात. मी दिपालीले म्हटलं, वजन कमी आहे, खाऊ घाल, ध्यान ठेव. दुसऱ्या महिन्यात साडेसहा. काट्यावर तीनदा ठेवली मी तिले, तिन्ही वेळा साडेसहा. फोनमधी भरलं तं पडदा लाल झाला. एवढा मोठा पडदा, दिपालीले बी दिसलं. तिनं विचारलं, आता काय कराचं बाई?

मुग्धा: लाल आलं की नाव आपोआप वर जातं. उपचाराच्या यादीत येतं, दवाखान्याची गाडी येते.

शोभाताई: तेच सांगतलं मी तिले. म्हटलं, नाव गेलं वं, गाडी येईन, तू थांब. मंगळवारी पाठोलं, हिरवी खूण आली. गाडी आली नाही. दिपाली रोज विचारे, मी रोज सांगो, येईन. अकरा दिवस थांबवली मी तिले. ती स्वतः घेऊन जाणार होती दुसऱ्याच दिवशी, तिच्या नवऱ्यानं मोटरसायकलमधी पेट्रोल टाकून ठेवलं होतं. मीच म्हटलं, स्वतः नेलं तं तिथं बसवून ठेवतात, यादीतून गेलं का लगेच घेतात. मंग पोरीले जुलाब लागले. जिजाबाईनं माझं काही ऐकलं नाही, लुगड्यात गुंडाळली अन् दिपालीले घेऊन बसमधी बसली. इथंच आहे ती, नागपुरातच, मोठ्या दवाखान्यात. आज आठवा दिवस. इथून मी तिकडेच जाईन.

मुग्धा: कशी आहे आता?

शोभाताई: खाऊन राहिली म्हणे. मले लाज वाटते, मॅडम. दिपाली मले काही बोलली नाही. बोलली असती तं बरं झालं असतं.

अनंत: चहा घ्या. वॉचमन म्हणतो, टाकीतच पाणी नाही, पाच वाजता येईल. काय झालं? भरलं का अकरावं?

मुग्धा: अनंतभाऊ, या फोनमधून भरलेली माहिती जाते का? म्हणजे पुसली जाते का?

अनंत: नाही, असं नाही होत.

मुग्धा: यांच्या दोन महिन्यांच्या नोंदी गेल्या आहेत.

अनंत: ॲपचा प्रॉब्लेम असेल. ॲप तुमच्या ऑफिसचं आहे, फोन आमचा आहे. प्रत्येक ठिकाणी हेच होतं मॅडम, ॲपवाले फोनवर टाकतात, फोनवाले ॲपवर. द्या बरं इकडे, शोभाताई. कव्हर छान शिवलं आहे.

शोभाताई: परकराचं कापड आहे. याले बसन असं बाजारात भेटत नाही.

अनंत: हं. मेमरी रिकामी आहे. एकदम रिकामी. दोन महिने वापरलेला फोन इतका साफ मी नाही पाहिला. शोभाताई, हे झाडूचं बटण दाबत होत्या का तुम्ही?

शोभाताई: हो.

अनंत: कितीदा?

शोभाताई: रोज.

अनंत: रोज. हो, इथं आकडा आहेच. एकूण सफाई अठ्ठावन्न. शेवटची काल संध्याकाळी, सहा वाजून पन्नास मिनिटं.

शोभाताई: दिवा लावाच्या आधी. घर झाडते, अंगण झाडते, मंग ओट्यावर बसून फोन झाडते. दिवा लागल्यावर झाडू नाही मारत आम्ही. एक दिवस बी दिव्याच्या नंतर नाही दाबलं.

अनंत: अहो पण रोज कशाला? स्लो झाला तर दाबायचं असतं, महिन्यातून एखादवेळा.

शोभाताई: तुमीच सांगतलं होतं.

अनंत: मी?

शोभाताई: ट्रेनिंगमधी, याच हॉलमधी. तुमी म्हटलं, हे झाडूचं बटण आहे, हे तुमाले शिकवा लागत नाही, झाडू माराले बाया कोणाकडून शिकतात का. हसले होते सगळे. मी बी हसली.

अनंत: म्हटलं असेल. सगळीकडे म्हणतो मी ते. लोक झोपून राहिलेले असतात, थोडं हसले की जागे होतात.

मुग्धा: अनंतभाऊ, झाडू दाबला तर नोंदी जातात का? एवढं सांगा.

अनंत: कसं आहे मॅडम, न पाठवलेली माहिती ॲप फोनमध्येच एका कोपऱ्यात ठेवतं. पाठवलं की तिथून काढून टाकतं. आता ही जी कंपनीची सिस्टीम आहे, तिला कोपऱ्यात काही पडलेलं दिसलं की ती कचरा समजते. जागा वाचवते, कारण फोन स्वस्त आहे, जागा कमी आहे. ती झाडून टाकते. मग मंगळवारी पाठवायला काही उरतच नाही. म्हणून हिरवी खूण.

मुग्धा: तुम्हाला माहीत होतं हे?

अनंत: असं डायरेक्ट माहीत नव्हतं. मागं काटोलचा एक संत्र्याचा व्यापारी आला होता, त्याचे हिशेबाचे फोटो गेले होते असेच. मी कंपनीला मेल टाकला. उत्तर आलं, तुमची सूचना मोलाची आहे.

मुग्धा: मग ट्रेनिंगमध्ये सांगायला काय झालं होतं?

अनंत: चाळीस मिनिटं देता तुम्ही ट्रेनिंगला. त्यात वीस मिनिटं हजेरी आणि स्वागत. तो सातवा तालुका होता, मॅडम. पहिल्या दोन तालुक्यांत मी सगळं सांगत होतो, काय दाबायचं, काय नाही दाबायचं. मग थकतो माणूस. नुसतं काय दाबायचं तेवढं राहून जातं.

मुग्धा: पण बाकीच्या चौघींचं कसं नाही गेलं?

अनंत: त्यांच्या गावात नेटवर्क असेल. भरल्या भरल्या निघून जातं, झाडूला काही सापडत नाही.

मुग्धा: थांबा, विचारते. ... हॅलो, यमुताई? मुग्धा बोलतेय. मिळाली का बस? ... नाही नाही, परत यायचं नाही, सही बरोबर आहे तुमची. फक्त एक विचारायचं होतं. त्या फोनमध्ये झाडूचं बटण आहे ना, ते तुम्ही दाबता का? ... कधी? ... दोनदा. सकाळीसुद्धा. ... नाही, काही चुकलं नाही तुमचं. नीट जा. ... हो, ठेवते.

शोभाताई: तिच्या शाळेमांगच टॉवर आहे.

मुग्धा: तीही रोज दोनदा झाडते.

शोभाताई: सगळ्याच झाडत असतीन. झाडाले सांगतलं अन् आम्ही झाडलं नाही, असं होईन का? मले हे सांगा, नऊशे फोन येतीन तं बिनाटॉवरच्या गावात किती जातीन?

मुग्धा: दीडशे. दोनशेही असतील. डोंगराकडची सगळीच.

अनंत: मी काय म्हणतो, हे फॉर्मवर नका घेऊ. मी आज कंपनीला कळवतो, अर्जंट म्हणून. अपडेट येईल, झाडू काढून टाकतील नाहीतर तुमच्या ॲपला सूट देतील. फॉर्मवर आलं तर सगळंच अडकेल. माझं सहा महिन्यांचं काम आहे यात, ताई.

शोभाताई: अपडेट कधी येईन?

अनंत: दोन महिने. तीन धरा.

शोभाताई: म्हणजे तीन वजनं. सोनिका दोनच वजनांत लाल झाली.

मुग्धा: शोभाताई, मला एक सुचतंय. अकराव्या प्रश्नाला 'हो' करा आणि पुढे लिहा, तांत्रिक अडचण. दोनच शब्द. पत्रालाही तेच उत्तर द्या. तांत्रिक अडचणीमुळे नोंदी गेल्या. तुमच्यावर काहीच येणार नाही.

शोभाताई: तांत्रिक अडचण वाचून कोणती बाई झाडू दाबाचं थांबवन?

मुग्धा: ते नंतर पाहू आपण. आधी तुमचं पाहू.

शोभाताई: नंतर कोण पाहते, मॅडम? तुमची बदली होईन. हे भाऊ दुसऱ्या तालुक्यात जातीन. मी लिहिते, झाडूचं बटण मी दाबलं, अन् त्यानं वजनं गेली.

मुग्धा: ऐका माझं. 'मी दाबलं' असं तुमच्या अक्षरात गेलं की ते काय म्हणतील, मला माहीत आहे. म्हणतील, हाताळणीतली चूक. फोन पास होईल, आणि पत्र तुमच्यावर बसेल. निष्काळजीपणा म्हणून लिहितील. दोन वर्षं राहिलीत तुमची. सव्वीस वर्षांत तुमच्या फायलीत एक पत्र नाही. मी पाहिली आहे फाईल.

शोभाताई: पाहिली तुमी?

मुग्धा: पाहिली. मागच्याच आठवड्यात. हे पत्र टाईप करायच्या आधी.

शोभाताई: मले बी वाटते नं मॅडम, कोरी फाईल घेऊन घरी जावं. अन् खरं सांगू का, मले हा फोन पाहिजे. नापास झाला तं जुना परत येईन, त्याच्यावर मले नावं वाचता येत नाही. मी का खुशीनं लिहून राहिली? पण मी त्या दवाखान्यात जाऊन जिजाबाईच्या बाजूले बसणार आहे आता. ती मले विचारन, काय झालं होतं बाई, गाडी काहून नाही आली? मी तिले काय म्हणू, तांत्रिक अडचण?

अनंत: ताई, लिहायचं तर लिहा. माझं नाव नका टाकू फक्त. मी काय बोललो ट्रेनिंगमध्ये, ते.

शोभाताई: नाही टाकत. तुमचं बी घर आहे. पेन द्या. अन् एक कोरा कागद द्या, इथं दोनच ओळींची जागा आहे.

मुग्धा: माझ्याकडे नाही कोरा. या हजेरीच्या मागच्या बाजूला लिहा.

(शोभाताई चष्मा लावून लिहू लागतात.)

अनंत: मॅडम, सव्वापाच झाले.

मुग्धा: होऊ द्या.

शोभाताई: झालं. वाचू का? शुद्धलेखनाकडे नका पाहू. 'मी शोभा, सेविका. दोन महिने हा फोन वापरला. पडदा मोठा आहे, चांगला आहे. बॅटरी उत्तम आहे. यात झाडूचे बटण आहे. ते दाबले की न पाठवलेली सर्व वजने पुसली जातात व फोन तसे सांगत नाही. मी ते अठ्ठावन्न दिवस रोज दाबले. त्यामुळे एकोणतीस मुलांची दोन महिन्यांची वजने गेली. त्यातील एक मुलगी, सोनिका, वय चौदा महिने, वजन साडेसहा किलो, हिचे नाव वर गेले नाही व ती आता दवाखान्यात आहे. ज्या गावात टॉवर नाही तिथे हा फोन देण्याआधी बटण काढावे. तोपर्यंत वही परत द्यावी.' खाली सही अन् तारीख.

मुग्धा: 'आता बरी आहे' असं नाही लिहिलंत.

शोभाताई: बरी आहे का नाही ते मी पाहिलं नाही अजून. आज सकाळी रामटेकच्या स्टँडवर फोन लागला तं दिपाली सांगत होती, सहा किलो सहाशे झाली. तिथं नर्सबाई रोज सकाळी वजन करते, अन् कागदावर लिहून पलंगाले अडकवते. दिपालीले वाचता येते, ती रोज वाचते म्हणे. ते पत्र द्या आता. पोच लिहून देते.

मुग्धा: उद्या दिलं तरी चालेल.

शोभाताई: आज द्या. चार दिवस तुमी बाळगलं, पुरे झालं.

मुग्धा: घ्या. इथं सही करा. सात दिवसांत खुलासा द्यायचा असतो.

शोभाताई: हाच कागद देईन. झेरॉक्स काढून.

अनंत: फोन जमा करायचा आहे, ताई. चार्जर आणला का? कव्हर ठेवून घ्या तुम्ही.

शोभाताई: राहू द्या फोनवर. दुसऱ्या कोणाले येईन. नुसता पडला तं फुटन, एवढा मोठा आहे.

अनंत: मी कळवतो कंपनीला. खरंच कळवतो.

शोभाताई: कळवा.

मुग्धा: थांबा, शोभाताई, जाऊ नका. तुमच्या सहीखाली पर्यवेक्षिकेचा अभिप्राय लागतो. मी लिहिते की नोंदवही माझ्या सांगण्यावरून जमा करण्यात आली होती. तेवढं तरी माझ्या अक्षरात जाऊ दे. आणि तुमचा गठ्ठा मी उद्या काढून ठेवते, माणूस पाठवा.

शोभाताई: माणूस कशाले? मीच येईन.

मुग्धा: बरं. आता एकच राहिलं. हे वर वाचणारे पहिला प्रश्न हाच विचारतील, म्हणून मीच विचारून घेते. फोन स्लो नव्हता, अडकत नव्हता. तुम्ही घर झाडता, अंगण झाडता, ते समजलं. पण अठ्ठावन्न दिवसांत एकही दिवस चुकला नाही? ताप आला असेल, गावाला गेला असाल. तरी रोज काहून दाबलं?

शोभाताई: कचरा निघते म्हणून, लिहा.

मुग्धा: एवढंच?

शोभाताई: दाबलं का पडद्यावर झाडू फिरे अन् मंग मोठ्या अक्षरात येत होतं, 'शाबास, आपण उत्तम काम केले.' बिनाचष्म्याचं दिसे मले. सव्वीस वर्षं झाली, मॅडम. मले कोणी म्हटलं नव्हतं.

मुग्धा: शोभाताई...

शोभाताई: ते नका लिहू.